पेपरातल्या दोन चांदण्या



आज बचतीवर, कर्जाच्या हप्त्यावर किंवा शेळ्यांच्या विम्यावर बोलायचं नाही. आज सिनेमावर बोलू या. म्हणजे खरं तर शुक्रवारी सिनेमा लागतो आणि त्याच दिवशी किंवा शनिवार-रविवारी पेपरात त्याच्याबद्दल जे छापून येतं, त्याच्यावर. शहरात त्याला चित्रपट परीक्षण म्हणतात, कुणी समीक्षा म्हणतात. आमच्या गटांत त्याला नुसतं 'चांदण्या' म्हणतात, कारण मजकुराजवळ चांदण्या छापलेल्या असतात. कुणाला दोन, कुणाला साडेतीन. आमच्या एका आजीला ती अर्धी चांदणी अजून मान्य नाही. "आभाळात म्या कवा अर्धी बगितली न्हाई," म्हणतात.

आम्ही गटांच्या समन्वयाचं काम करतो ते खटाव-माण आणि त्याला लागून असलेल्या खानापूर-आटपाडी या पट्ट्यात. निम्मी गावं सातारा जिल्ह्यात, निम्मी सांगलीत. मधली शीव माणसांना दिसत नाही, फक्त कागदावर आहे. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या, बाजार दोन्हीकडचा. सिनेमा बघायचा म्हटलं तर विटा, कराड, नाही तर थेट सातारा किंवा सांगली. वडापचे पैसे, तिकिटाचे पैसे, पोरांना काही खायला घेतलं तर ते वेगळे. एका बाईची एका दिवसाची भांगलणीची मजुरी त्यात जाते, आणि त्या दिवशी कामावर गेली नाही म्हणून आणखी एक मजुरी बुडते. म्हणून सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा राहत नाही. तो दोन मजुऱ्यांचा होतो.

आता पेपर. आमच्या बहुतेक गावांत पेपर येतो तो ग्रामपंचायतीत, केस कापायच्या दुकानात, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर आणि चार-दोन घरांत. तो आधी पुरुष वाचतात. बाईच्या हातात पेपर येतो तेव्हा पुष्कळदा त्यात भजी किंवा शेंगदाणे बांधलेले असतात. त्यामुळे परीक्षण आमच्यापर्यंत येतं ते मालकाच्या, दिराच्या, नाही तर कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या तोंडून. आणि ते येतं तेव्हा मजकूर गळून गेलेला असतो. उरतात फक्त चांदण्या.

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन गावांच्या गटांतल्या मिळून तेवीस जणींनी एक मराठी सिनेमा बघायला जायचं ठरवलं. सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या सिनेमावरच भांडत बसाल आणि आम्हाला जे सांगायचं ते बाजूला राहील. शिवाय ज्यांनी त्याचं परीक्षण लिहिलं त्यांच्यावर आमचा राग नाही. मंगळवारी जायचं, दुपारच्या खेळाला, एक टेम्पो सांगायचा, असं सगळं ठरलं. शनिवारी पेपर आला. दोन चांदण्या. मजकुरात होतं की सिनेमाचा हेतू चांगला आहे, पण उत्तरार्ध रेंगाळतो, रडारड जास्त आहे, मालिकेसारखा वाटतो.

रविवारी संध्याकाळपासून एकेक नाव गळायला लागलं. एकीचे मालक म्हणाले, "पेपरातच लिवलंय भिकार हाय म्हणून, मग पैसं कशाला घालायचं?" पेपरात भिकार असं कुठं लिहिलेलं नव्हतं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, रडायचंच असेल तर घरात रड. एकीला कुणी काही बोललं नाही, तीच म्हणाली की एवढं शिकलेलं माणूस सांगतंय तर खरंच असेल. तेवीसातल्या अकरा जणी राहिल्या, बारा गेल्या. टेम्पोचं भाडं तेवढंच, त्यामुळे बारा जणींना ते जास्त पडलं. त्याचीही कुरबुर झाली, ती सोडून देऊ.

सिनेमा खरंच रेंगाळत होता. हे आधीच कबूल करतो. मध्यंतरानंतर दोघी झोपल्या. पण त्या सिनेमात दोन मिनिटांचा एक प्रसंग होता. वडील वारल्यावर भाऊ बहिणीला चहा देतो, साडी देतो, आणि एक कागद पुढे करतो. ती वाचत नाही. कुठं सही करायची एवढंच विचारते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. बस्स, एवढंच. पुढं सिनेमा दुसरीकडे निघून जातो.

येताना टेम्पोत त्या दोन मिनिटांशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाला पाच वर्षं झाली होती सही करून, कुणाला वीस. एक जण म्हणाली, माझ्याकडनं अंगठा घेतला, मी चौथी शिकलेली असून. एकीनं विचारलं, सही केली नसती तर काय झालं असतं? दुसरी म्हणाली, दिवाळीला बोलावणं आलं नसतं. आम्ही कायद्याचं किती वेळा सांगितलं होतं! २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं, तिथं सही करण्याआधी वाचून घ्या, विचारा. तक्ते लावून सांगितलं, पत्रकं वाटली. बायका मान हलवायच्या आणि जेवायला जायच्या. त्या दिवशी टेम्पोत पहिल्यांदा बोलल्या.

घरी राहिलेल्या अकरा जणींतल्या एकीनं त्यानंतर तीन आठवड्यांनी भावाच्या कागदावर सही केली. आम्हाला पुढं दोन महिन्यांनी कळलं. आता ती सिनेमाला आली असती तर तिनं सही केली नसती, असं आम्ही म्हणणार नाही. सिनेमात एवढी ताकद असती तर गटांची गरजच पडली नसती. पण त्या टेम्पोत ती बसली असती तर कागद वाचून तरी घेतला असता, एवढं आम्हाला वाटतं. आणि ती टेम्पोत नव्हती ती त्या दोन चांदण्यांमुळे. परीक्षण लिहिणाऱ्यांनी त्या प्रसंगाचा उल्लेखसुद्धा केलेला नव्हता. त्यांना तो दिसला नसेल असं नाही. दिसला असेल आणि पुढं गेला असेल. ज्याच्यापुढे असा कागद कधी आलाच नाही, त्याला ती दोन मिनिटं दोन मिनिटांएवढीच वाटणार.

त्यानंतर आम्ही ठरवलं की चांदण्या मोजायच्या आधी मजकूर वाचायचा. गटाच्या बैठकीत, बचत गोळा होताना, एकीनं परीक्षण मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीला फार हसू आलं. 'पटकथेची वीण', 'संकलनाची कात्री', 'छायाचित्रणाचा पोत' असले शब्द. वीण म्हटल्यावर एकीला स्वेटर आठवला आणि पोत म्हटल्यावर सगळ्यांना खताचं. पण दहा-बारा परीक्षणं वाचल्यावर लक्षात आलं की हे काम आपल्याला अगदीच परकं नाही.

बघा, आपल्या गटाचीही परीक्षा होतेच की. बँक कर्ज द्यायच्या आधी गटाची प्रतवारी करते. पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, आणि हिशेबाची वही पूर्ण. प्रत्येकाला गुण असतात. गुण कमी पडले तर आपण विचारतो की कशात पडले. तेव्हा समोरच्याला वही उघडून दाखवावी लागते, की अमुक महिन्यात बैठक झाली नाही, तमुक हप्ता थकला. नुसतं 'तुमचा गट क वर्गात' म्हणून कुणी निघून गेलं तर आपण त्याला जाऊ देऊ का? मग सिनेमाला दोन चांदण्या देणाऱ्यालाही विचारायचं, कशात पडले? रेंगाळला म्हणता, कुठं रेंगाळला? रडारड म्हणता, कोण का रडतं? चांगलं परीक्षण असेल तर उत्तर मजकुरातच सापडतं. नसेल तर त्या परीक्षणालाच आम्ही क वर्गात टाकतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. हे लिहिणारे पुण्या-मुंबईत सिनेमा बघतात, पुष्कळदा तो लागण्याच्या आदल्या दिवशी वार्ताहरांसाठी ठेवलेल्या खेळाला. चांगला पडदा, चांगला आवाज, थंडगार हवा. घरी येऊन घाईनं लिहितात, कारण पेपर छापायला जायचा असतो, आणि जागा ठरलेली असते. आमच्याकडे तोच सिनेमा बघताना पंखा खडखडतो आणि संवाद अर्धे ऐकू येतात. तरी आम्ही हसतो आणि रडतो. म्हणजे एकच सिनेमा दोन ठिकाणी दोन होतो. त्यांनी त्यांचा सांगितला, आपला आपण सांगायचा.

हे वाचन सुरू असताना 'माहेरची साडी' वर जे भांडण झालं ते मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे.

हा सिनेमा १९९१ चा. विजय कोंडके यांचा. राजस्थानी 'बाई चाली सासरिये' वरून केलेला. अलका कुबल यांची लक्ष्मी, जिच्या जन्माच्या वेळी आई गेली म्हणून बाप तिचं तोंड बघत नाही. बाप विक्रम गोखले, भाऊ अजिंक्य देव, आणि सासू उषा नाडकर्णी. ती सासू आठवली की आमच्या चाळिशीच्या पुढच्या बायका अजून दात-ओठ खातात. सिनेमानं गर्दीचे उच्चांक मोडले. शहरातल्या जाणत्या मंडळींनी मात्र नाकं मुरडली. मराठी सिनेमा या सिनेमानं दहा वर्षं मागं नेला, असं आजही सिनेमाबद्दल लिहिणारे लिहितात. त्यानंतर साड्या, बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांच्या नावांचे रडके सिनेमे ओळीनं आले, हे खरंच आहे.

बैठकीत एक नवी सून होती, बीएच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "पेपरवाले बरोबर बोलतात. त्यात बाई सोसत सोसत मरते आणि आपण तिची पूजा करतो. हे काय शिकवणं झालं?" तिचं बोलणं आम्हाला पटलं होतं. आम्हीही बीए करताना हेच म्हणत होतो.

तेव्हा कोपऱ्यातल्या एक आक्का बोलल्या. त्यांनी तो सिनेमा चार वेळा बघितलेला. एकदा थेटरात, तीनदा जत्रेतल्या तंबूत. त्या म्हणाल्या, "आगं, आमी शिकाय गेलोच नव्हतो. आमी सासूला शिव्या द्याय गेलो हुतो. घरात कुटं देता येतंय? तितं आंधार. कोण देतंय कळत न्हाई. मी इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, आन बगते तर शेजारी माजी सासू बसलेली, ती बी देतीया!"

बैठक पाच मिनिटं थांबली. हसून हसून एकीच्या डोळ्यांतनं पाणी आलं. आक्कांच्या सासूलाही कधी काळी सासू होतीच की.

नवी सून हटली नाही. तिनं विचारलं, "मग आक्का, घरी आल्यावर काय बदललं?" आक्का जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काय न्हाई. रातचं येऊन भाकरी म्याच थापल्या."

हे दोन्ही आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. सिनेमा काय सांगतो, हे समीक्षकांनी बरोबर ओळखलं होतं. अंधारात बसलेल्या बायका त्याचं काय करत होत्या, ते त्यांना दिसलं नाही, कारण ते पडद्याकडे बघत होते. आणि आक्कांच्या भाकरीपाशी पुन्हा समीक्षकच खरे ठरतात. आमच्यात यावर अजून एकमत नाही.

तंबूवरून आठवलं. आमच्या भागात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा, अशा यात्रांत टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. ट्रकमधनं मशीन यायचं, कनाती ठोकायच्या, भोंग्यावरून सिनेमाचं नाव पुकारायचं. या फिरत्या सिनेमावाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट निघाला आणि २०१६ साली तो फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तंबूच्या काळात पेपर कोण वाचत होतं? आमच्या मावशी सांगतात, पहिला खेळ सुटला की बाहेर येणाऱ्या बायांचे डोळे बघायचे. लाल असले तर तिकीट काढायचं. पदर तोंडाला लावून हसत येत असल्या तरी काढायचं. नुसत्याच चप्पल शोधत बाहेर आल्या तर जिलेबी खाऊन घरी जायचं. आम्हाला विचाराल तर ही पद्धत चांदण्यांपेक्षा वाईट नव्हती.

पण सगळंच डोळ्यांवर सोडलं तर काही गोष्टी हातातनं निसटतात, हेही आम्ही शिकलो. एका रविवारच्या पुरवणीत जुन्या 'कुंकू' सिनेमावर लेख आला होता. १९३७ चा सिनेमा, प्रभात कंपनीचा, व्ही. शांतारामांचा. नीरा नावाच्या मुलीचं म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे नीरा झाल्या होत्या, म्हातारा केशवराव दाते. लेखातनं कळलं की ही गोष्ट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतली आहे, आणि हे आपटे आपल्या कोरेगावचे! तिथंच त्यांचा छापखाना, तिथंच त्यांचं प्रकाशन. आमच्या गटांत कोरेगावच्या माहेरवाशिणी सात-आठ आहेत. एकीलाही हे ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं, आणि आम्ही मराठी विषय घेऊन बीए झालेलो आहोत.

मग मोबाइलवर तो सिनेमा मिळवून, मोबाइल पितळी डब्याला टेकवून आठ जणींनी बघितला. चित्र धूसर, भाषा जुनी. पण लेखात सांगितलं होतं की यात पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज एवढंच आहे, ते ऐका. ते सांगितलं नसतं तर आम्हाला वाटलं असतं मोबाइलचा आवाज बिघडला. सांगितल्यामुळे आम्ही ऐकलं. त्या घरातली शांतता अंगावर येते. अशा वेळी लिहिणाऱ्याचे उपकार मानावेसे वाटतात. नीरा काठी उगारते तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "कोरेगावचं पाणी हाय ते."

असंच एक गाणं. साताऱ्याला जाताना बुगडी हरवली असं सांगणारी ती लावणी तुम्ही हळदीकुंकवाला, बारशाला शंभर वेळा ऐकली असेल. ती 'सांगत्ये ऐका' मधली आहे. १९५९ चा सिनेमा, अनंत माने यांचा. पुण्यात विजयानंद थेटरात तो १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! लावणी लिहिली गदिमांनी, आपल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या, आणि गायली आशा भोसले यांनी, ज्यांचा जन्म सांगलीचा. गाणं साताऱ्याचं आणि माणसं सांगलीची. आता सिनेमा अडीच वर्षं सोडा, अडीच आठवडे टिकला तरी पेढे वाटतात. आणि इथंच चांदण्यांचा जोर वाढला. पूर्वी शेजारणीनं पाहून येऊन सांगेपर्यंत सिनेमा थांबायचा. आता शुक्रवारी आलेला सिनेमा पुढच्या गुरुवारी निघून जातो. शेजारीण बोलायच्या आत पेपर बोललेला असतो.

याच्या उलटही घडतं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ साली लागला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं होतं, पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला. एका शाहिरावर खटला चालतो, त्याची गोष्ट. शाहिरांचा हा आपला मुलूख. पण आमच्या जवळच्या थेटरांत आम्हाला तो मिळाला नाही. पाच चांदण्या असल्या तरी जो सिनेमा गावाच्या रस्त्याला लागतच नाही त्याचं आम्ही काय करणार? परीक्षण लिहिणाऱ्यांनी एक ओळ यावरही लिहावी असं आम्हाला वाटतं, की हा सिनेमा कुठं कुठं लागला आहे आणि कुठं नाही.

'सैराट' ला मात्र पेपर आणि गाव एका बाजूला होते. २०१६ च्या एप्रिलच्या शेवटी तो आला. शेजारच्या करमाळ्याकडचा मुलूख, नागराज मंजुळेंचा सिनेमा. आपल्या रहिमतपूरला गर्दी आवरेना म्हणून रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. पहाटे तीनला, जेव्हा आपल्याकडे माणसं पिकाला पाणी पाजायला उठतात! परीक्षणांत गाण्यांचं, कॅमेऱ्याचं, आर्चीच्या बुलेटचं कौतुक होतं, आणि शेवटच्या शांततेचंही. तरी एक गोष्ट आम्ही कुठल्या परीक्षणात वाचली नाही. आमच्या गटातली एक आई शेवट बघून आली आणि आठवडाभर लेकीशी बोलली नाही. रागावली नव्हती. नंतर म्हणाली, "तिला काय सांगू? पळू नको म्हणू, का पळालीस तर आमच्याकडं परत येऊ नको म्हणू? आमच्यातलीच माणसं चहा पिऊन गेली की गं तिच्याकडं." ज्यांनी सिनेमा पाहिला आहे त्यांना कळलं असेल ती कशाबद्दल बोलत होती. हिला किती चांदण्या द्यायच्या?

आता थोडं सावधगिरीचं. पेपरात सिनेमाबद्दल जे छापून येतं ते सगळं परीक्षण नसतं. काही वेळा पानभर फोटो, नटाची मुलाखत, 'प्रेक्षकांची तुफान पसंती' असं असतं आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ते आधी शोधायचं. दुसरं, सिनेमाच्या पोस्टरवर चार-चार, पाच-पाच चांदण्या छापतात. त्या खऱ्या असल्या तरी निवडून घेतलेल्या असतात. दोन देणाऱ्याचं नाव कोण कशाला छापेल? आपणही गटाच्या वस्तूंच्या प्रदर्शनात चांगल्याच कुरडया वर ठेवतो.

मागच्या वर्षापासून आपल्या या रेडिओवर आम्ही 'बघून आलो' म्हणून दहा मिनिटांचा तुकडा सुरू केला, तो तुम्ही ऐकत असाल. सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या रेकॉर्डिंगला सहा जणी आल्या आणि सहाही जणी म्हणाल्या, "लई छान हाय, समद्यांनी बगावा." सव्वा मिनिटात काम संपलं. स्टुडिओतल्या मुलीनं हळूच विचारलं, "काकू, छान म्हणजे काय?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा कळलं की पेपरवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. रोज नवा सिनेमा बघून, छान म्हणजे काय ते तीनशे शब्दांत सांगणं हे कष्टाचं काम आहे. आता आम्ही आधी बसतो, आपापसात भांडतो, कुठला प्रसंग, कुणाचं कोणतं वाक्य, कुठं झोप आली, ते ठरवतो आणि मग माइकपुढे जातो. चांदण्या देत नाही. पैसे वसूल झाले की नाही तेवढं सांगतो, आणि कुणाच्या हिशेबानं तेही सांगतो.

२०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा राज्यभर बायका घोळक्यानं नऊवाऱ्या नेसून, नथी घालून थेटरात गेल्या. आमच्याही गेल्या. केदार शिंदे यांचा सिनेमा, सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. सगळ्या खूश होऊन आल्या, एक जण सोडून. ती वीटभट्टीवर काम करते. आमचा तुकडा तेव्हा सुरू झालेला नव्हता. मागं जुन्या सिनेमांवर एक दिवस बोललो तेव्हा ती माइकपुढं म्हणाली, "सिनेमा ग्वाड हाय. पण मंगळागौर आमच्यात नसती. फुगडी असती, ती बी लगनात. त्या सा जणींत माज्यावाणी एकबी नव्हती. तरी मी टाळ्या वाजवल्या, समद्या वाजवत हुत्या म्हणून." बाकीच्या जणींना ते लागलं. रेकॉर्डिंगनंतर तिच्याशी दोघी बोलेनात. हा भाग लावायचा की कापायचा यावर आमचा बराच खल झाला. आम्ही लावला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर चार फोन आले, त्यातले तीन तिच्या बाजूचे होते.

आणि ज्या मैत्रिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली ती. तिला आम्ही तो जुना सिनेमा मोबाइलवर दाखवायला नेला नाही. आता दाखवून तिला काय मिळणार? पण मागच्या महिन्यात तीच आमच्याकडे आली. तिची धाकटी बहीण आहे, जत तालुक्यात दिलेली. भाऊ आता तिच्याकडे जाणार आहे. "तो शिनमा कंचा हुता, नाव लिवून द्या," म्हणाली, "तिच्या मोबाइलला लावून देते." आम्ही नाव लिहून दिलं. सोबत दुय्यम निबंधक कार्यालयात काय विचारायचं तेही लिहून दिलं. मग तिनं विचारलं, पेपरात काय आलं होतं त्याच्याबद्दल, तिच्या मालकानं विचारलं तर? आम्ही सांगितलं, दोन चांदण्या. उत्तरार्ध रेंगाळतो, ते खरं आहे. पण मध्यंतराच्या अलीकडं, चहाचा प्रसंग येतो तेव्हा बहिणीला म्हणावं, भांडी बाजूला ठेव आणि बघ.

येत्या मंगळवारी 'बघून आलो' चं रेकॉर्डिंग दुपारी तीन वाजता आहे. या वेळी विट्याला लागलेला सिनेमा आहे. ज्यांनी बघितला आहे त्यांनी या. ज्यांना आवडला नाही त्यांनी तर नक्की या, मागच्या वेळी सगळ्या आवडलेल्याच आल्या होत्या. येताना पेपरातलं परीक्षण कुणाकडे असेल तर आणा. भज्याचं तेल लागलेलं असलं तरी चालेल.